कठड्याचा खर्च

देशाची आर्थिक वाढ करावी की लोकांचे आरोग्य जपावे, असा प्रश्न निघाला म्हणजे "समतोल साधावा" हे उत्तर ठरलेले असते. उत्तर शहाणपणाचे आहे. परंतु तराजूच्या कोणत्या पारड्यात कोण बसले आहे, हे आधी पाहावे असे आम्हांस वाटते.

सुरतेच्या दक्षिणेस सचिन हे गाव आहे. एके काळी ते सिद्दी नबाबांचे लहानसे संस्थान होते. आज तेथे मोठी औद्योगिक वसाहत असून कापड रंगविण्याच्या व छापण्याच्या गिरण्या आहेत. आपल्या खानदेशातून, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली माणसे सुरतेच्या या धंद्यावर पोट भरतात. ६ जानेवारी २०२२ रोजी पहाटे या वसाहतीत एका टँकरमधून रासायनिक टाकाऊ द्रव्य चोरून नाल्यात सोडले जात असता विषारी वायू पसरला. सहा कामगार मरण पावले, वीसहून अधिक रुग्णालयात गेले. ते द्रव्य तळोज्याहून, म्हणजे आपल्याच महाराष्ट्रातून, आल्याचे पोलिसांनी सांगितले.

असले द्रव्य शुद्ध करून त्याची विल्हेवाट लावण्यास पैसा पडतो. अंधारात नाल्यात ओतण्यास टँकरच्या भाड्यापलीकडे फारसे काही पडत नाही. पैसा वाचला एकाचा, प्राण गेला दुसऱ्याचा. याला समतोल कसे म्हणावे? राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात गिरणीचे कापड धरले जाते, आजाऱ्यांच्या औषधपाण्याचा खर्चही भर म्हणूनच धरला जातो. गेलेल्या माणसाची वजाबाकी मात्र कोठेच होत नाही.

नियम कडक केले तर गिरण्या बंद पडतील आणि प्रथम हाच कामगार उपाशी राहील, असे कोणी म्हणतील. हे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. वाढच नको, असे म्हणणे पोट भरलेल्यांनाच परवडते. पण सुरतेचाच अनुभव पाहा. १९९४ च्या प्लेगच्या वेळी लाखो लोक शहर सोडून गेले, व्यापार ठप्प झाला. पुढल्या वर्षी आयुक्त एस. आर. राव आले व त्यांनी शहराच्या सफाईची घडी बसविली. त्या खर्चाने सुरतेचा धंदा बुडाला नाही, उलट वाढला.

मोशेच्या नियमशास्त्रात, अनुवादाच्या २२ व्या अध्यायात, नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा अशी आज्ञा आहे. न केल्यास वरून पडणाऱ्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येतो. शब्बाथ शाळेत हे वचन सहसा शिकविले जात नाही, ते शिकवावे. घर बांधूच नको, असे तेथे म्हटलेले नाही. कठड्याचा खर्च पडणाऱ्याने द्यावा, असेही नाही. तो घराच्या खर्चातच धरलेला आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली वेल्लोरच्या चामड्याच्या कारखान्यांविषयीच्या खटल्यात, प्रदूषण करणाऱ्यानेच त्याची किंमत भरावी, हे तत्त्व मान्य केले. तेव्हा कायद्याची वाण नाही. पहाटे नाल्यापाशी उभा राहील असा तपासनीस तेवढा हवा.

कठडा घातला म्हणजे कापड थोडे महागेल. नाताळासाठी सुरतेची साडी आपल्याकडे घरोघरी येते, आणि दुकानात तिच्या भावावरून घासाघीस करणारे आपणच असतो.