पाकिटातली सरकी

यवतमाळ जिल्ह्याला राजकारण पाहायला दिल्लीला जावं लागत नाही, दिल्लीच इथं येते. जुलै 2008 मध्ये अणुकरारावरून सरकार पणाला लागलं असताना राहुल गांधींनी लोकसभेत नाव घेतलं ते जळका गावच्या शेतकरी विधवा कलावती बांदूरकर यांचं. 20 मार्च 2014 ला नरेंद्र मोदी आर्णी तालुक्यातल्या दाभडीत ‘चाय पे चर्चा’ करून गेले. त्यामुळे टपरीवरची मतंही पक्की. काँग्रेसनं साठ वर्षं काय केलं, असं एक जण म्हणतो; दाभडीत दिलेल्या शब्दांचं काय झालं, असं दुसरा विचारतो. 2024 च्या लोकसभेला यवतमाळ-वाशिममध्ये मुख्य झुंज तर शिवसेनेच्याच दोन तुकड्यांत झाली. उद्धव ठाकरेंकडचे संजय देशमुख जिंकले, एकनाथ शिंदेंकडच्या राजश्री पाटील हरल्या. दोन पक्षांचं राजकारण म्हणावं, तर घर एकच आणि चुली दोन.

या सगळ्या वादात कपाशीच्या बियाण्याचं पाकीट सहसा येत नाही. खरं तर जिल्ह्यातला पैसा कुठून निघून कुठं जातो, हे कळायला ते पुरेसं आहे.

बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष स्वतःच तयार करणाऱ्या कपाशीला, परवानगी मिळाली मार्च 2002 मध्ये, वाजपेयींच्या काळात. तिची दुसरी पिढी, बोलगार्ड-2, आली 2006 मध्ये, मनमोहनसिंगांच्या काळात. धोरणात सांधा दिसत नाही. सुरुवातीच्या वर्षांत 450 ग्रॅमच्या पाकिटासाठी शेतकरी 1,600 ते 1,850 रुपये मोजत होता आणि त्यातले सुमारे 1,250 रुपये निव्वळ तंत्रज्ञानाचं मूल्य म्हणून मोन्सँटो-महिको या जोडकंपनीकडे जात. गंमत अशी, की त्या पहिल्या बोलगार्डवर भारतात पेटंटच नव्हतं. आंध्र सरकारनं 2006 मध्ये एकाधिकार आयोगाकडे धाव घेतली, तेव्हा कुठं पाकीट 750 रुपयांवर आलं.

पेटंट नव्हतं, तर कुलूप कशाचं होतं? संकरित वाणाचं. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्राझीलमध्ये बीटी जनुक सरळ वाणांत, म्हणजे राखलेल्या सरकीतूनही तशीच झाडं देणाऱ्या वाणांत आहे. आपल्याकडे ते संकरितात घातलं गेलं. संकरित पऱ्हाटीची सरकी राखून पुढच्या साली पेरली, की झाडं एकसारखी येत नाहीत आणि उत्पन्न घसरतं. म्हणून दर मृगाला कृषी केंद्राची पायरी चढावीच लागते. 2020 पासून सरकारनं तंत्रज्ञानाचं मूल्य शून्यावर आणलं, तरी ही पायरी चुकली नाही. 2025 च्या हंगामात बोलगार्ड-2 च्या पाकिटाचा कमाल दर 901 रुपये होता, आणि एकरी दोन पाकिटं लावणारे आता पुष्कळ आहेत.

त्या पाकिटात बरीच वर्षं 120 ग्रॅमची एक वेगळी पुडी यायची, बिगर-बीटी सरकीची. ती शेताच्या कडेनं लावायची. बोंडअळीला तिथं बिनविषारी खाणं मिळालं, म्हणजे ती बीटीच्या विषाला लवकर सरावत नाही. शास्त्र बरोबर होतं. पण तीन एकर कोरडवाहू असलेल्या माणसाला चार तासं अळीसाठी सोडायला सांगणं म्हणजे त्याच्या पोटातून विज्ञानाची वर्गणी काढणं. बहुतेक पुड्या पेरल्याच गेल्या नाहीत. 2017 पर्यंत गुलाबी बोंडअळीनं बोलगार्ड-2 पचवलं होतं. त्याच हंगामात यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं सुमारे वीस जण दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. त्यांत रोजानं पंप पाठीवर घेणारे मजूरही होते. विषमता मोजायला हीही एक पट्टी आहे: बियाण्याचा नफा वर चढतो आणि त्याच्या चुकीचं ओझं पंपासकट खालच्या पाठीवर येतं.

विकत घेतलेली वस्तू राखायची-वाटायची मोकळीक नसणं, हा पेच संगणकाच्या जगात आधीच येऊन गेला होता. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा जीएनयू प्रकल्प जाहीर केला आणि 1989 मध्ये त्याचा परवाना आणला: वापरा, बदला, वाटा; पण पुढच्याला देताना कुलूप लावू नका. 2014 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या काही पैदासकारांनी हीच अट बियाण्याला लावली. आपला 2001 चा वाण संरक्षण कायदा तर शेतकऱ्याला बियाणं राखायचा, पेरायचा, वाटायचा आणि ब्रँडशिवाय विकायचाही हक्क देतो. हक्क आहे, पण राखण्याजोगी सरकी हवी ना!

ती एकदा मिळाली होती. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं धारवाडच्या कृषी विद्यापीठासोबत ‘बिकानेरी नरमा बीटी’ हे सरळ वाण तयार केलं. 2008 मध्ये मंजुरी मिळाली, 2009 मध्ये बियाणं शेतात गेलं, आणि त्याच वर्षअखेर ते मागे घ्यावं लागलं, कारण त्यात मोन्सँटोच्या जनुकाची भेसळ निघाली. म्हणजे खुल्या बियाण्याची कल्पना फसली नव्हती, तिची राखण फसली. पुढे रजत बीटी, सूरज बीटी अशी सरळ वाणं आली. पण तोवर दुकानाचं गणित संकरितावर बसलं होतं.

पोकळी भरली ती ‘चोर बीटी’नं. तणनाशक सहन करणारं हे विनापरवाना बियाणं निंदणाची मजुरी वाचवतं, म्हणून विकलं जातं. जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेनं ते उघडपणे पेरून सत्याग्रह केला. तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य हवं, ही त्यांची मागणी. देशी बियाणं जपणारे याच्या कट्टर विरोधात. मात्र स्वातंत्र्य त्यांनाही हवं, कंपनीपासूनचं. दोघांचं दुखणं एकच असून त्यांची बैठक काही जमत नाही. पण चोर बीटी म्हणजे खुलं बियाणं नव्हे. सायबर कॅफेतली चोरीची विंडोज आणि मुक्त परवान्याचं लिनक्स यांत जेवढं अंतर, तेवढंच इथं. पाकिटावर खरं नाव नाही, पावती नाही, उगवलं नाही तर तक्रार कुणाविरुद्ध करणार?

लिनक्स टिकलं त्यामागे फुकट काम करणारे हौशी आहेतच, पण आयबीएम, इंटेल, गूगलसारख्यांचे पगारी अभियंतेही आहेत. खुल्या वस्तूची देखभाल फुकटात होत नाही. सरळ वाणाचं मूळ बियाणं दरवर्षी अलग प्लॉटवर, भेसळ टाळून, पिढीमागून पिढी वाढवावं लागतं. हे करणारी महाबीज ही सरकारी बियाणे कंपनी 1976 पासून अकोल्यातच आहे, पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठही तिथंच. सरकारला असा भार नवा नाही: पुसदचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना सरकारनं कापसाची एकाधिकार खरेदी अंगावर घेतली होती. पुढे ती योजना तोट्यात रुतली, हेही खरं. विदर्भाच्या कोरडवाहू जमिनीला चालणारं सरळ वाण राखायला त्या मानानं खूपच कमी पैसा लागेल. तो कोण देणार, हे दोन्ही शिवसेनांना, काँग्रेसला आणि भाजपलाही टपरीवर विचारता येईल. मात्र विचारायचं असेल तर ते मृगाच्या आधी, पाकिटं दुकानात लागण्यापूर्वी.