आजीला फोन लावा

सार्वमताच्या तोंडावर डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी एक मोहीम काढली: 'आजीला फोन लावा'. समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क द्यायचा की नाही, यावर २२ मे २०१५ रोजी आयर्लंडमध्ये मतदान होतं. घरी फोन करायचा, इकडचं तिकडचं बोलायचं आणि मग विचारायचं, आजी, तू काय मत देणार? म्हातारी माणसं आपली नाहीतच, असं धरून न चालता त्यांच्याशी बोलायला त्यांच्याच नातवंडांना पुढे केलं, यातच त्या मोहिमेची समज दिसते.

आयर्लंडवर कॅथलिक चर्चचा पगडा पिढ्यान्‌पिढ्यांचा. पुरुषांमधले समलिंगी संबंध तिथे १९९३ पर्यंत गुन्हा मानले जात. तो कायदा हटवण्यासाठी लढणाऱ्या डेव्हिड नॉरिस यांना युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत जावं लागलं. घटस्फोटावरची बंदी १९९५ च्या सार्वमतात उठली, तीही जेमतेम नऊ हजार मतांनी. त्याच देशात वीस वर्षांनी ६२ टक्के मतदार 'होय' म्हणाले. ४३ मतदारसंघांपैकी नकार दिला तो एकाच, रॉसकॉमन-साउथ लीट्रिमने. लोकांच्या मताने हा हक्क देणारा आयर्लंड जगातला पहिला देश ठरला.

या विजयाच्या आधी एक पराभव आहे. कॅथरीन झॅपोन आणि अ‍ॅन लुईस गिलिगन यांनी २००३ मध्ये कॅनडात लग्न केलं. आयर्लंडच्या करखात्याने आपल्याला विवाहित जोडपं मानावं, ही मागणी घेऊन त्या हायकोर्टात गेल्या आणि २००६ मध्ये हरल्या. कोर्टाचं दार बंद झाल्यावर माणसांची दारं ठोठावणं सुरू झालं. २०१३ मध्ये घटनाबदलावर विचार करणाऱ्या शंभर जणांच्या परिषदेत ७९ टक्के मतं समलिंगी विवाहाच्या बाजूने पडली. त्यातले ६६ सदस्य सामान्य मतदारांमधून, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडलेले होते. त्यांनी आधी तज्ज्ञांचं आणि दोन्ही बाजूंच्या लोकांचं म्हणणं ऐकलं, आपसात चर्चा केली आणि मग मत दिलं.

प्रचारातही हीच रीत राहिली. कार्यकर्त्यांच्या छातीवर बिल्ला असे: मी 'होय' म्हणणार आहे, का ते विचारा. बोलणं सुरू करायचा हक्क त्यामुळे समोरच्याकडे जाई. विरोधकांची पोस्टर्स मुलांना आई आणि बाप दोन्ही हवेत असं बजावत होती. त्यांना घोषणेने उत्तर देण्याऐवजी माणसं आपापल्या घरची गोष्ट सांगू लागली. माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअ‍ॅलीस आपल्या समलिंगी मुलाबद्दल जाहीरपणे बोलल्या. आरोग्यमंत्री लिओ वराडकर यांनी जानेवारीतच रेडिओवर आपण समलिंगी असल्याचं सांगितलं होतं. मालवण तालुक्यातलं वराड हे त्यांच्या वडिलांचं मूळ गाव, आणि दोन वर्षांनी ते पंतप्रधान झाले.

मतदानाला आठवडा उरला असताना 'आयरिश टाइम्स'मध्ये उर्सुला हॅलिगन यांचा लेख आला. वय ५४, टीव्हीवरच्या नावाजलेल्या राजकीय पत्रकार, आणि श्रद्धाळू कॅथलिक. सतराव्या वर्षी शाळेतल्या एका मुलीवर जीव जडला, ते त्यांनी पुढे जवळपास चाळीस वर्षं मनात कोंडून ठेवलं होतं. आपली श्रद्धाच आपल्याला 'होय' म्हणायला सांगते, असं त्यांनी लिहिलं. धर्म एका बाजूला आणि समलिंगी माणसं दुसऱ्या बाजूला, ही मांडणीच त्या लेखाने मोडीत काढली.

पण या सगळ्याची किंमत कुणी मोजली, हेही पाहायला हवं. आपल्याला आवडत्या माणसाशी लग्न करू द्याल का, असं समलिंगी माणसांनी अनोळखी माणसाच्या उंबऱ्यावर उभं राहून विचारायचं, आणि नकार आला की पुढच्या दारी जायचं. इतर कुणाच्या लग्नावर देशाने मतं टाकली नव्हती. अल्पसंख्याकांचा हक्क बहुसंख्याकांच्या मर्जीवर सोपवणं मुळात चूकच आहे, आणि ६२ टक्क्यांच्या विजयाने ती चूक पुसली जात नाही. तरीही न्यायालय मागे सरतं तेव्हा लोकांशी बोलण्यावाचून रस्ता उरत नाही.

भारत आज तिथेच उभा आहे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाचही न्यायाधीशांनी लग्न हा मूलभूत हक्क नाही असं म्हटलं आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात बदल करणं संसदेचं काम ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या. २०२३ च्या सुनावणीत केंद्र सरकारने ही मागणी शहरी उच्चभ्रूंची असल्याचं म्हटलं होतं. त्याच वर्षी प्यू रिसर्च सेंटरच्या पाहणीत मात्र ५३ टक्के भारतीयांनी अशा विवाहांच्या बाजूने मत दिलं. 'स्वीकार' या पालकांच्या गटातल्या चारशेहून अधिक आईबापांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं: आमची वयं झाली, मुलांचं लग्न कायदेशीर झालेलं आमच्या डोळ्यांदेखत पाहू द्या. चारशे आईबाप उच्चभ्रूंच्या चैनीसाठी अशी विनवणी करत नाहीत.

या हक्काअभावी नेमकं काय अडतं, हे मराठी मध्यमवर्गाला समजावून सांगायला फार लांब जावं लागत नाही. वीस वर्षं दोघी एका फ्लॅटमध्ये राहतात. फ्लॅट एकीच्या नावावर, सोसायटीच्या कागदावर नॉमिनी दुसरी. पहिली गेली आणि मृत्युपत्र नसलं, तर फ्लॅटवर हक्क सांगायला तिचे भाऊ-भाचे येतात, कारण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. बँकेत संयुक्त खातं काढायला किंवा जोडीदाराचं नाव नॉमिनी म्हणून द्यायला आडकाठी नाही, असा खुलासा अर्थ मंत्रालयाने २०२४ मध्ये केला. तो उपयोगाचा आहे, पण वारसाहक्काचा प्रश्न त्याने सुटत नाही. नवरा-बायकोला हे सगळं एका नोंदणीने मिळतं.

आणि हे काम दिल्लीवरच सोडायचं कारण नाही. विवाह हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहे. तमिळनाडूने १९६७ मध्ये हिंदू विवाह कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करून पुरोहिताविना होणाऱ्या स्वाभिमान विवाहांना मान्यता दिली. तशी लग्नं तिथे लोक त्याआधी कितीतरी वर्षं लावत होते. महाराष्ट्रातही फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ मध्येच भटाविना लग्न लावून दाखवलं होतं. २०२३ च्या सुनावणीवेळी केंद्राने राज्यांची मतं मागवली, तेव्हा राजस्थान, आंध्र प्रदेश आणि आसामने विरोध नोंदवला. महाराष्ट्राने विचार करायला वेळ मागितला. या वेळेचं काय केलं, हे आपापल्या आमदाराला विचारायला सार्वमत लागत नाही. आणि ते विचारायला समलिंगी मुलामुलींनी एकट्याने जायची गरज नाही. त्यांच्या आत्या-मामांनी, शेजाऱ्यांनी, सोसायटीच्या सेक्रेटरीनेही सोबत जावं.