सूचक कोण?

चाकणच्या कारखान्यांत यंत्राशेजारी प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेला एक कागद लटकत असतो. त्याला तिथे ओपीएल म्हणतात, म्हणजे वन पॉइंट लेसन. मी पाहिलेल्या एका कागदावर तेलाच्या टाकीवरच्या काचेचे दोन फोटो होते. डावीकडच्या फोटोत तेल लाल पट्टीच्याही खाली गेलेले, त्यावर मोठी फुली. उजवीकडे तेल हिरव्या पट्टीत, त्यावर बरोबरची खूण. खाली मराठीत एकच ओळ : शिफ्ट सुरू करण्याआधी तेलाची पातळी बघा. त्याखाली छोटा तक्ता होता. तारीख, समजावून सांगणाऱ्याची सही, समजून घेणाऱ्यांच्या सह्या. कागद हाताने आखलेला होता आणि तो आखला होता त्याच यंत्रावर उभे राहणाऱ्या ऑपरेटरने.

यंत्राची रोजची देखभाल ते चालवणाऱ्यानेच करावी, ही टीपीएमची, म्हणजे टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्सची, रीत जपानमधली. 1971 च्या सुमारास निप्पॉनडेन्सो या मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीने ती करून दाखवली आणि पुढे ती भोसरी, पिंपरी, चाकणच्या कारखान्यांतही रुजली. ओपीएल हा तिचाच एक भाग. त्याचा नियम कडक असतो. एका कागदावर एकच मुद्दा, आणि तो पाच-दहा मिनिटांत उभ्या उभ्या समजावून सांगता आला पाहिजे. त्या यंत्रात बिघडण्यासारखे खूप काही असते. बेल्ट सैल होतो, फिल्टर तुंबतो, कूलंट संपते, सेन्सरवर धूळ बसते. लिहिणाऱ्याला हे सगळे तोंडपाठ असते. तरी त्या दिवशी तो एकच गोष्ट निवडतो आणि बाकीच्या बाजूला ठेवतो. समोर उभा असलेला माणूस तासभर बसमध्ये डुलक्या घेत आलेला आहे आणि त्याला आठ तास उभे राहायचे आहे, याचे भान त्या निवडीत आहे. ऐकणाऱ्याच्या थकव्याची एवढी कदर मी फार कमी व्यासपीठांवर पाहिली आहे.

संध्याकाळी याच कंपन्यांच्या बसेस ताथवड्यात माणसे सोडतात. 2009 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले तेव्हा हे शेतीचे गाव होते. आता महामार्गाच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस मजल्यांच्या इमारती आहेत, अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाची महाविद्यालये आहेत, आणि जिकडेतिकडे नवे बांधकाम आहे. दिवसभर एका मुद्द्यावर काम करणारी माणसे रविवारी सोसायटीच्या सभेला बसतात आणि महापालिकेला द्यायचे निवेदन तयार होते. भुयारी मार्गात पाणी साचते. टँकरचा खर्च झेपत नाही. काँक्रीटच्या प्लांटची धूळ घरात येते. पथदिवे बंद आहेत, भटकी कुत्री वाढली आहेत, बस वेळेवर येत नाही. निवेदन चार पानी होते, त्यावर आवक-जावक विभागाचा शिक्का बसतो, फोटो ग्रुपवर टाकला जातो. त्यातली एकही तक्रार खोटी नसते. पण ते वाचून उद्या सकाळी नेमके कोणी काय करायचे, हे वाचणाऱ्या अधिकाऱ्याला कळत नाही आणि लिहिणाऱ्यांनाही सांगता येत नाही. सगळेच मागितले की कशालाच उत्तर द्यावे लागत नाही.

याच परिसराने उलटा अनुभवही घेतला आहे. शेजारच्या पुनावळ्यात वन विभागाच्या जागेवर कचरा डेपोचे नियोजन होते. 2023 मध्ये पुनावळे, ताथवडे भागातले लोक रस्त्यावर आले. मोर्चे निघाले, फेऱ्या निघाल्या, लहान मुले हातात फलक घेऊन चालली. मागणी एकच होती : इथे डेपो नको. त्यात पाण्याचा प्रश्न घुसला नाही की वाहतुकीचा. त्या वर्षी डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात मंत्री उदय सामंत यांनी प्रकल्प रद्द करण्याची घोषणा केली. अनेक वर्षांचे नियोजन एका वाक्याने मागे घ्यायला लावले, ही लहान गोष्ट नव्हे. ज्यांनी सुट्टीच्या दिवशी घरी बसायचे सोडून त्यात भाग घेतला, त्यांचे मोल मी कमी लेखत नाही. झाडी राखली जावी आणि वस्तीच्या मधोमध कचऱ्याचा डोंगर उभा राहू नये, ही मागणी रास्तच होती.

पण गोष्ट इथेच थांबली तर ती अर्धी राहते. पुनावळ्यात न गेलेला कचरा नाहीसा झालेला नाही. तो मोशीला जातो. तिथला डेपो 1991 पासून आहे, 81 एकरांचा. एप्रिल 2022 मध्ये त्याला आग लागली तेव्हा धूर कोणाच्या घरात गेला, हे मोशीकरांना विचारावे. 1 ऑगस्ट 2023 रोजी तिथे कचऱ्यापासून वीज बनवण्याचा प्रकल्प सुरू झाला, 14 मेगावॉटचा. असा प्रकल्प नीट चालायचा तर त्यात कोरडा कचरा जायला हवा. कालची भाजी, भाताचे पाणी आणि शहाळी त्यात आली की भट्टीची उष्णता पाणी आटवण्यातच खर्च होते. म्हणजे मोशीच्या भट्टीत काय पेटते, हे ताथवड्याच्या स्वयंपाकघरात ठरते.

आणि नेमके तिथे आमचा आवाज मऊ पडतो. घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा ठेवायला सांगितले. रोज शंभर किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा आपल्याच आवारात जिरवावा, असा महापालिकेचा आग्रह आला तेव्हा शहरातल्या अनेक सोसायट्यांनी त्याला विरोध केला. त्यांच्या काही तक्रारी खऱ्या आहेत. बिल्डरने दिलेले कंपोस्टचे यंत्र धड चालत नाही, ते चालवायला माणूस मिळत नाही, वास येतो म्हणून तळमजल्यावरचे लोक भांडतात. तरीही मला एक विचारावेसे वाटते. डेपो नको म्हणताना ज्या ठामपणाने आपण चाललो, त्याच्या निम्म्या ठामपणाने आपला कचरा आपण वेगळा करू असे कधी म्हटले का? पहिल्या मागणीत जे करायचे ते दुसऱ्याने करायचे होते. दुसरीत करायचे ते आपण.

एकच स्पष्ट मुद्दा मांडावा, हे आता सगळेच शिकवतात. ताथवड्यातल्या महाविद्यालयांत मुलांना सादरीकरणाचे तास असतात. हात कुठे ठेवावेत, नजर कशी फिरवावी, शेवटच्या स्लाइडवर काय असावे, हे मुले मन लावून शिकतात आणि बोलतातही छान. पण तुझे ऐकून उद्या कोणी काय करायचे, आणि त्यात तुझा वाटा कोणता, हे त्यांना फारसे कोणी विचारत नाही. तो प्रश्न नसेल तर स्पष्टपणा हे नुसते कसब उरते, आणि ते वाईट कामालाही तितकेच उपयोगी पडते. माणसांना एकमेकांवर घालणाऱ्यांची भाषा फार स्पष्ट असते. एक शत्रू, एक घोषणा, एक रात्र. तिथे किंमत नेहमी दुसऱ्याने मोजायची असते. सांगणाऱ्याचे घर शाबूत राहते. म्हणून मुद्दा किती नेमका आहे, हे पाहून मी थांबत नाही. त्याची पहिली किंमत कोण मोजतो, हे बघतो.

या कसोटीवर मला आपल्या राज्यातले हेरवाड आठवते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातले हे गाव. मे 2022 मध्ये, राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दिवसांत, तिथल्या ग्रामसभेने एक ठराव केला. नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचे नाही, मंगळसूत्र तोडायचे नाही, जोडवी काढायची नाहीत. स्त्रीमुक्तीचा जाहीरनामा त्यांनी लिहिला नाही. हुंडा, वारसा, पुनर्विवाह, मुलींचे शिक्षण हे सगळेच प्रश्न गावात असणार. त्यांनी अंत्यसंस्काराच्या त्या तासाभरातली गोष्ट धरली, जेव्हा बाई सर्वांत एकटी असते आणि चार बायका तिचा हात धरून पाटावर आपटायला सरसावतात. काय करायचे नाही, हे लहान मुलालाही कळेल अशा शब्दांत सांगितले. ठराव झाल्यावर काही दिवसांतच ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून राज्यातल्या ग्रामपंचायतींना हेरवाडचे अनुकरण करायला सांगितले.

या ठरावामागचा धागा सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याला जातो. तिथल्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांनी करोनाच्या काळात एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीत त्याच्या पत्नीच्या बांगड्या फोडताना आणि कुंकू पुसताना पाहिले. त्यांनी पुढे गावोगावी हा विषय नेला. पण तेवढ्यावर न थांबता शंभर रुपयांच्या मुद्रांकावर स्वतःपुरते लिहून दिले, की माझ्या मृत्यूनंतर माझ्या पत्नीवर ही प्रथा लादू नये. मला या कागदाचे महत्त्व फार वाटते. कोणाच्या सुनेचे, कोणाच्या विधवा बहिणीचे काय व्हावे, यावर भाषण करणे सोपे असते. आपल्या मरणाचा उल्लेख करून, आपल्या बायकोचे नाव घेऊन सही करायची म्हणजे घरात आधी बोलावे लागते. आईशी, भावाशी, बायकोशी. त्या बोलण्यातून गेलेला माणूस गावासमोर उभा राहिला की लोक ऐकतात, कारण त्याच्याजवळ सांगण्यासारखे एवढेच आहे आणि ते त्याने केलेले आहे.

ठरावाने रूढी एका रात्रीत जात नाही, हे खरेच. एखाद्या घरात आजही मोठी जाऊबाई ऐकणार नाही. पण आता त्या घरातल्या कोणालाही उठून म्हणता येते, की गावाने असे ठरवले आहे. दुःखाच्या वेळी माणसाला वाद घालायचे बळ नसते. तेव्हा हाताशी एक तयार, छोटे, सगळ्यांनी आधीच मान्य केलेले वाक्य लागते. चार पानी निवेदनातला नववा मुद्दा त्या वेळी कोणाला आठवत नाही.

ताथवड्यातल्या, वाकड-पुनावळ्यातल्या वाचकांना म्हणून एक विनंती करतो. पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत तुमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा असेल. विषयपत्रिकेवर पार्किंग, लिफ्ट, देखभाल शुल्क, सिक्युरिटी हे सगळे असेलच, ते असू द्या. पण त्यात एक ठराव असा घाला, की ज्यात महापालिकेने, बिल्डरने किंवा शेजारच्या विंगने काहीही करायचे नाही, जे करायचे ते सभेत बसलेल्यांनीच करायचे. ओला कचरा वेगळा ठेवण्याचा असेल तर उत्तमच. दुसरा कुठला सुचला तर तोही चालेल, फक्त तो एका ओळीत मावला पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून अमलात आणता आला पाहिजे. इतिवृत्तात ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक अशी दोन नावे लिहिण्याची पद्धत आहे. ती नावे लिहून घेण्याआधी सचिवांनी दोघांनाही विचारावे, तुमच्या घरात हे सुरू झाले आहे का. नसेल तर ठराव पुढच्या सभेपर्यंत थांबवा.