धूर कोणाचा?

कोळशाच्या शेगडीचे सारे शास्त्र वाऱ्याभोवती फिरते. आमच्या आईची शेगडी म्हणजे जुनी बादली: खालच्या अंगाला चौकोनी तोंड कापलेले, मध्ये लोखंडी गज, आतून चिकणमाती, तूस आणि शेण यांचे लिंपण. माती तापून तडकते, आणि तडा रुंदावला की भांड्याला लागायची आच पत्र्याला लागते. म्हणून अधूनमधून लिंपण करायचे. राख मात्र रोज काढायची. गजांत राख दाटली की खालून वारा चढत नाही आणि कोळसा नुसता धुमसत राहतो.

गंमत अशी की, शेगडी सुधारायला निघणारा माणूस बहुधा तिच्यापुढे बसणारा नसतो. कोळसा पुरवून वापरावा म्हणून वडिलांनी त्या तोंडाला पत्र्याची सरकती झडप बसवली. कोळसा वाचला, हे खरेच. आई मात्र डोके धरून बसे आणि थंडीतही दार उघडे टाकी. अपुऱ्या वाऱ्यात जळणारा कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. दोघांचेही हिशेब बरोबर होते, फक्त ते एका वहीत लिहिलेले नव्हते.

धूर निदान बोलतो तरी. डोळ्यांतून पाणी काढून खिडकी उघडायला लावतो. पुष्कळशा सुधारणा अपाय तसाच ठेवून ही त्याची वाचा तेवढी बंद करतात, असा मला संशय आहे.

काउंट रम्फर्डने १७९६ साली घरातल्या भिंतीतल्या शेकोट्यांवर निबंध लिहिला. धुराड्याचा गळा अरुंद करावा, म्हणजे धूर खोलीत न परतता वर जातो, ही त्याची युक्ती अस्सल होती. लंडनचे दिवाणखाने स्वच्छ झाले. पण वर म्हणजे कुठे? ५ ते ९ डिसेंबर १९५२ या दिवसांत वारा पडला आणि घराघरांतून वर धाडलेला धूर, कारखान्यांच्या आणि वीजकेंद्रांच्या धुरासह, शहरावर बसून राहिला. त्या वेळच्या अंदाजाने सुमारे ४,००० माणसे अधिक मेली. पुढच्या अभ्यासकांनी हा आकडा १२,०००पर्यंत नेला.

यात अपराधी कोण? प्रत्येक गृहस्थ म्हणू शकतो, ‘माझी बादलीभर आग वजा करा, धुके तेवढेच राहील.’ वजाबाकी निर्दोष आहे. पण तीच घरोघर केली तर माणसे मेली आणि कोणीच काही केले नाही, असे उत्तर येते. तेव्हा गणित मांडण्यातच काही चुकत असले पाहिजे. माझ्या मते किती धूर केला एवढेच विचारून भागत नाही; तो कोणाच्या छातीत धाडला, हे विचारावे लागते. घराबाहेर घालवलेली गोष्ट नाहीशी झाली असे मानणे, हा प्रमाद बादलीभर आगीतही पुरा असतो. अर्थात, थंडीने काकडणाऱ्या म्हातारीला हे सुनावण्याचा अधिकार मला नाही. तिच्याकडे दुसरी आग नव्हती.

१९५६च्या कायद्याने तेवढे तरी ओळखले: शेकोट्या बदलण्याच्या खर्चाचा मोठा वाटा सार्वजनिक तिजोरीतून देण्याची सोय केली, आणि धूररहित क्षेत्रे आखली. पण त्याचा सारा रोख होता तो दिसणाऱ्या धुरावर. कोळशातून निघणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या गंधकी वायूकडे त्याने फारसे पाहिले नाही.