दोन नकार

खारी बरी झाली त्याला आज बारा दिवस झाले. बरी झाली म्हणजे उलट्या थांबल्या, रक्ताचे जुलाब थांबले, आणि सलाइनसाठी भादरलेल्या पायावर केस परत उगवायला लागले. आता तिला भूक लागते. कुकर लावला की ती स्वयंपाकघराच्या दारात बसते आणि तो उघडेपर्यंत कुंई कुंई करत राहते.

तरी मी तिला पोटभर देत नाही. पार्व्होचा विषाणू वेगाने वाढणाऱ्या पेशी शोधतो. आतड्याचं अस्तर सतत नवं होत असतं, म्हणून तो तेच सोलून काढतो. अशा आतड्यात एकदम अन्न गेलं की पुन्हा जुलाब. म्हणून उकडलेलं चिकन बोटांनी बारीक तोडून मऊ भातात कालवायचं आणि दोन-दोन चमचे, दिवसातून सहा वेळा द्यायचं. मीठ-मसाला नाही, दूध तर नाहीच. शेजारच्या आजी म्हणतात, "अगं, एवढंसं लेकरू, उपाशी काय ठेवतेस?" आपल्याकडे माया ताटात मोजतात, त्यांचंही चुकत नाही.

पण या नकाराचं मला ओझं वाटत नाही. तो तिच्यासाठी आहे. तिला बोलता आलं असतं तर तिलाही पटवता आलं असतं.

दुसरा नकार दाराचा आहे. बरं झालेलं पिल्लू पुढचे काही आठवडे विष्ठेतून विषाणू टाकत राहू शकतं, आणि हा विषाणू भलता चिवट. 1978 मध्ये तो ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत जगभर पोचला. सावलीतल्या ओल्या मातीत महिनोन्‌महिने टिकतो. आपलं घरोघरचं फिनेल त्याच्यापुढे निरुपयोगी. मी फरशी आधी स्वच्छ धुते, मग एक भाग ब्लीच नि तीस भाग पाणी लावून दहा मिनिटं तसंच राहू देते. खारीची शी-शू गॅलरीत, वर्तमानपत्रावर. खाली जायचं नाही, कारण पार्किंगच्या रॅम्पखाली एक कुत्री व्यायली आहे. पाच पिल्लं. परवा त्यांचे डोळे उघडले, असं वॉचमनकाकांनी सांगितलं.

खारीला स्वतःला आता पार्व्होची भीती जवळजवळ नाही. एकदा झालेल्याला दीर्घकाळ प्रतिकारशक्ती राहते. इतर लसी बाकी आहेत, पण दार बंद आहे ते मुख्यतः त्या पाचांसाठी. आणि त्याची किंमत खारी मोजते आहे. ती अकरा आठवड्यांची आहे. कुत्र्याचं पिल्लू जगाशी सोयरीक जुळवतं ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत. त्यानंतर अनोळखी गोष्ट आधी भीतीची वाटते. डॉक्टरांनी महिनाभर आत ठेवायला सांगितलंय. म्हणजे हा काळ जवळपास दाराआडच संपणार. मी तिला कडेवर घेऊन गच्चीतून रस्ता दाखवते. पण रस्ता दिसणं वेगळं आणि दुसऱ्या कुत्र्याच्या नाकाला नाक लागणं वेगळं.

हिशेब सोपा आहे. पाच जीव एकीकडे, एका जीवाचे काही आठवडे दुसरीकडे. 2020 मध्ये आपण सगळ्यांनीच हा हिशेब ऐकला आणि कुरकुरत का होईना, मान्य केला. पण आपल्याला निदान सांगितलं तरी होतं. खारी कुणासाठी काही सोडत नाहीये. मी तिच्याकडून सोडवून घेते आहे. तिच्या लेखी दोन्ही नकार सारखेच, वाडगं रिकामं तसं दार बंद. ज्याला त्याग कळतच नाही त्याच्या नावावर तो लिहिता येतो का?

महाप्रस्थानातल्या युधिष्ठिराची गोष्ट मला लहानपणापासून आवडते. मागे चालत आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात येणार नाही, म्हणाला. आता वाचताना जाणवतं, त्या वाटेवर दुसरं कुत्रं नव्हतं. त्याच्या निष्ठेने कुणाच्या पिल्लाला धोका नव्हता. धर्मराजाला ते एक सोपं गेलं.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली. आजार कळण्याच्या आदल्या दिवशी खारीला मी खाली नेलं होतं. तिने रॅम्पशेजारच्या मातीतच शी केली होती. निदान झाल्यावर मी तिथे बादलीभर ब्लीच ओतलं, पण माती म्हणजे फरशी नव्हे; मातीत ब्लीचचा जोर मरतो. तेव्हा दाराचा हा कडक नियम पिल्लांसाठी किती आणि माझ्या त्या चुकीसाठी किती, हे मला नीट सांगता येत नाही. माझ्या चुकीचं प्रायश्चित्त खारीला भरायला लावणं काही न्यायाचं नाही. म्हणून दार उघडावं, असंही होत नाही.

सोसायटीच्या ग्रुपवर मी काहीच लिहिलं नाही. हा रोग माणसांना होत नाही, पण कुत्री उचलायला निमित्त शोधणारे तिथे आहेत. हे मौन योग्य की सोयीचं, यावर माझं मन रोज बदलतं. काकांना मात्र सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "ताई, त्यांना सुई मारता येते का?"

येते, पण सहाव्या आठवड्यापासून. अजून चार आठवडे आहेत, आणि त्याआधीच ती पाय फुटून त्या मातीत हिंडायला लागतील. पाचांच्या लसींचे पैसे मी बाजूला काढून ठेवलेत. काकांनी त्या कोपऱ्यावर पत्र्याचा तुकडा आडवा लावून वर विटा ठेवल्या आहेत. कुत्री तो ओलांडते, पिल्लांना अजून जमणार नाही.

आठ वाजले. खारी दाराच्या फटीला नाक लावून बसली होती, ती कुकरच्या आवाजाने उठली आहे. सहावं जेवण, दोन चमचे.