दंतेश्वरीचा दवाखाना

धार्मिक कट्टरता विज्ञानाची वाट अडवते, असे म्हणताना आपल्या शहरी सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढे बहुधा रानातला मांत्रिक, अंगात येणारी बाई आणि देवीपुढचा कोंबडा एवढेच उभे राहते. परंतु चंद्रपूर आणि गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांचा अलीकडचा इतिहास ज्याने पाहिला, त्याला ही समजूत अपुरी, किंबहुना अन्यायाची वाटल्यावाचून राहणार नाही.

1986 साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था स्थापिली. तेथील गोंड गावकऱ्यांना दवाखान्याचे भय वाटे. जे पांढरे वस्त्र आपण प्रेतावर घालतो तेच अंगावर घेतलेली माणसे जीव कसा वाचवणार, अशी त्यांची रास्त शंका होती. दवाखाना देवीच्या नावाचा असावा, ही त्यांचीच इच्छा. ती मानली गेली. संस्थेच्या शोधग्राम या परिसरातील रुग्णालयास माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले आणि बांधणी आदिवासी पाड्यासारखी झोपड्यांची झाली. ज्यांना आपण अंधश्रद्ध म्हणून निकालात काढतो, त्यांच्याच मुलखातील गावांनी जेमतेम शिकलेल्या आपल्याच स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून घरात घेतले, नवजात बाळांचे वजन करू दिले, जंतुसंसर्गावर सुई टोचू दिली. आणि 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाने जगाला सांगितले की, तेथील नवजात बालकांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. ही श्रद्धा अनुभवापुढे नम्र होती.

कट्टरता ती नम्रता जाणत नाही. महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याचा मसुदा जवळजवळ दशकभर अडून राहिला तो वनवासी पुजाऱ्यांमुळे नव्हे. धर्म संकटात आल्याची हाकाटी करणारे लोक चांगले लिहिते-वाचते होते. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात, या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला, आणि डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात कायदा संमत झाला. कीर्तन, प्रवचन, भजन, यात्रा यांना त्याने मुळीच हात लावलेला नाही. सर्पदंश झालेल्यास दवाखान्यापासून रोखून मंत्र घालणे, करणीच्या आरोपावरून कुणाचा छळ करणे, असली कृत्ये तेवढी गुन्हा ठरवली. यात कोणता धर्म बुडतो?

विलंबाची किंमत मात्र हाकाटी करणाऱ्यांनी मोजली नाही. कायदा झाल्यावर जवळजवळ आठ वर्षांनी, ऑगस्ट 2021 मध्ये, चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे भानामतीच्या संशयावरून सात दलितांना, त्यांतल्या वृद्धांनाही, भर चौकात बांधून मारण्यात आले. आणि मे 2024 मध्ये गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातील बारसेवाड्यात जादूटोण्याच्या संशयावरून एक स्त्री व एक पुरुष यांना जाळण्यात आले. हे मारणारे कोणत्याही धर्मपीठाचे अनुयायी नव्हते, हे खरे. पण जी वर्षे गावोगाव प्रबोधन करण्यात जायची ती धर्माभिमान्यांची समजूत घालण्यात गेली, हा दोष त्यांच्या पदरी घालावाच लागेल.

पोलीस फिर्याद नोंदवतील, तोवर माणूस गेलेला असतो. म्हणून माझी विनंती कीर्तनकारांना आहे. तुकडोजी महाराजांची खंजिरी याच मुलखात घुमली आहे आणि कायद्याने तुमचे कीर्तन मोकळे ठेवले आहे. तर या झाडीपट्टीत कीर्तनाला उभे राहाल तेव्हा या कायद्याची कलमे लोकांना तुमच्या वाणीतून समजावून सांगा.