कालव्याकाठची देवाची घरे



बेल्जियममधील ब्रूज हे शहर होडीतूनच पाहावे, असे आम्हांला अनेकांनी सांगितले होते. काही वर्षांपूर्वी आम्ही चौघे धर्मगुरू तिकडे गेलो तेव्हा धक्क्यावरच्या एका उघड्या होडीत जाऊन बसलो. फेरी अर्ध्या तासाची. काही पूल इतके ठेंगणे की नावाडी सांगेल तेव्हा मुकाट्याने माना खाली घालायच्या. (मिस्सेत इतक्या तत्परतेने माना लवत नाहीत, हे मनात आल्यावाचून राहिले नाही.) दोन्ही काठांना विटांच्या जुन्या इमारती, संत योहानाचे मध्ययुगीन इस्पितळ, पवित्र मारियेच्या मंदिराचा शंभर मीटरहून उंच मनोरा. सर्वांत प्राचीन वाटणारा दगडी पूल मात्र १९१०च्या सुमाराचा निघाला!

हे शहर एके काळी युरोपची बाजारपेठ होते. इथल्या व्हान दर बोर्झ घराण्याच्या खानावळीजवळ व्यापारी जमत. शेअर बाजाराला युरोपात ‘बोर्स’ म्हणतात ते त्यावरूनच. पुढे समुद्राकडे जाणारी झ्विन खाडी गाळाने भरत गेली, व्यापार अँटवर्पला गेला आणि ब्रूज गरीब झाले. जुने पाडून नवे बांधायला पैसा उरला नाही, म्हणून जुने टिकले. २०००मध्ये युनेस्कोने जपले ते हेच.

पण आमचे मन अडकले ते ‘हिरव्या’ कालव्याच्या काठी, काही बुटक्या घरांपाशी. भिंतीवर पेलिकन पक्ष्याचे चिन्ह आणि १७१४ हे साल. स्वतःची छाती फोडून पिलांना रक्त पाजतो अशी आख्यायिका असलेला हा पक्षी म्हणजे प्रभू येशूचे जुने प्रतीक. अशा घरांना तिथे ‘गोड्सहौझन’ म्हणतात, म्हणजे देवाची घरे. चौदाव्या शतकापासून धनिकांनी आणि कारागिरांच्या संघांनी ती वृद्धांसाठी, विधवांसाठी, निराधारांसाठी बांधली. आजही शहरात अशी चाळीसहून अधिक संकुले आहेत आणि त्यांत वृद्ध माणसे राहतात. अनेक ठिकाणी घरांबरोबर छोटे प्रार्थनामंदिरही असे, कारण आसऱ्याच्या बदल्यात राहणाऱ्यांनी दात्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायची असे.

हे कळले आणि आम्हां चौघांत होडीतच वाद जुंपला. एक जण म्हणाला, हा सरळ व्यवहार झाला. गरिबाला छप्पर, श्रीमंताला स्वर्ग! माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असे कांट सांगतो. सेमिनरीत आम्ही ते घोकून परीक्षाही दिली होती. शिवाय उजवा हात देतो ते डाव्याला कळू नये, हे तर प्रभूनेच सांगितले. आम्हांला ते पटले. आपल्याकडेही चर्चच्या बाकांवर, पंख्यांवर दात्यांची नावे रंगवलेली असतातच.

तरीही एक गोष्ट सलत राहिली. कांटचे वाक्य ‘केवळ’ या शब्दावर उभे आहे. तो धनिक मरणाच्या दारात उभा राहून त्या विधवेकडे काही मागत होता. तिच्याजवळ असे काही आहे जे आपल्या तिजोरीत नाही, हे तो मान्य करीत होता. आपण देतो तेव्हा काहीच मागत नाही आणि त्यात आपला मोठेपणा मानतो. पण ज्याच्याकडून कुणी कधीच काही मागत नाही, त्याला स्वतःविषयी काय वाटत असेल? सक्तीची प्रार्थना आम्हांला आजही मान्य नाही. छप्पर जाईल या भीतीने म्हटलेली प्रार्थना ही प्रार्थनाच नव्हे. मात्र मागण्यात दोष होता, असे आता ठामपणे म्हणवत नाही. होडीतले आम्ही तर देतही नव्हतो आणि मागतही नव्हतो. कुणाच्या तरी खिडकीचे फोटो काढीत होतो. एका खिडकीचा पडदा आतून ओढला गेला, तेव्हा कॅमेरे खाली आले.

मध्यंतरी आपल्या धर्मग्रामातल्या एका आजींकडे आम्ही महिन्याचे धान्य पोहोचवले. देणाऱ्याने नाव गुप्त ठेवायला सांगितले होते. आजींनी पिशवी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, “फादर, रोझरी कुणासाठी करू तेवढं सांगा. बिननावाच्या माणसासाठी कशी करू?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. परतताना आम्ही त्या गृहस्थांकडे गेलो आणि त्यांना हे सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “नाव नको, फादर. पण आमच्या घरासाठी करायला सांगा. गरज आहे.”